स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर सायटोकाइन-रोधक औषध कसं तपासावं: पुण्यातल्या नवख्या संशोधकांसाठी

एमएस्सीच्या शेवटच्या सत्रात किंवा जेआरएफच्या पहिल्या वर्षात हा प्रयोग बहुतेकदा असा सुरू होतो. एमडीए-एमबी-२३१ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये टाकायच्या, वर टोसिलिझुमॅब (आयएल-६ चा रिसेप्टर अडवणारी अँटीबॉडी) घालायचं, ४८ तासांनी एमटीटी (जिवंत पेशींचं प्रमाण दाखवणारी चाचणी) करायची. आलेख सपाट येतो. मग डोस दहापट करायचा, तरी सपाट. शेवटी ‘औषधाचा परिणाम नाही’ असं लिहून विषय बंद.

त्या प्लेटवरून असा निष्कर्ष निघत नाही. वेलमध्ये आयएल-६ (सायटोकाइन, म्हणजे पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात त्या प्रथिनांपैकी एक) होतं का, पेशींवर त्याचा रिसेप्टर होता का, अँटीबॉडीने तो खरोखर अडवला का, यातलं काहीच तपासलेलं नसतं. म्हणून रोध होतो हे आधी सिद्ध करायचं आणि कर्करोगावरचा परिणाम नंतर विचारायचा. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. उदाहरण आयएल-६ चं घेतलं आहे, कारण त्याची औषधं आणि किट सहज मिळतात. आयएल-८, आयएल-१ बीटा किंवा सीसीएल-२ या सायटोकाइनसाठीही सांगाडा हाच राहतो.

रुग्ण किंवा नातेवाईक हे वाचत असतील तर एक गोष्ट स्पष्ट असू द्या. टोसिलिझुमॅब संधिवातासाठी आणि सिल्टुक्सिमॅब कॅसलमन या आजारासाठी मान्य झालेली औषधं आहेत, स्तनाच्या कर्करोगासाठी नाहीत. इथे फक्त प्रयोगशाळेतल्या मॉडेलबद्दल लिहिलं आहे.

१. साखळी कागदावर काढा आणि ती कुठे तोडायची ते ठरवा

आयएल-६ आपल्या रिसेप्टरला चिकटतं. ही जोडी जीपी-१३० नावाच्या प्रथिनाला जोडली जाते, पेशीच्या आत जॅक किनेज ही एन्झाइम जागी होतात आणि स्टॅट-३ या प्रथिनाच्या ७०५ क्रमांकाच्या टायरोसिनवर फॉस्फेट बसतो. जीपी-१३० जवळजवळ सगळ्या पेशींवर असतं, आयएल-६ चा रिसेप्टर मात्र मोजक्या पेशींवर. तरीही रिसेप्टर नसलेली पेशी प्रतिसाद देऊ शकते, कारण हा रिसेप्टर विरघळलेल्या स्वरूपातही फिरतो आणि आयएल-६ बरोबर येऊन थेट जीपी-१३० ला जोडला जातो. याला ट्रान्स-सिग्नलिंग म्हणतात.

तोडायच्या जागा तीन आहेत:

- सिल्टुक्सिमॅब खुद्द आयएल-६ ला पकडतं.
- टोसिलिझुमॅब रिसेप्टरला झाकतं, पेशीवरच्या आणि विरघळलेल्या, दोन्ही.
- रुक्सोलिटिनिब हा छोटा रेणू आत शिरून जॅक-१ आणि जॅक-२ बंद करतो.

रुक्सोलिटिनिब फक्त आयएल-६ चा मार्ग अडवत नाही, जॅकवर चालणारे बाकीचे सायटोकाइनही अडवतं. त्यामुळे ते तुलनेसाठी उत्तम, पण ‘आयएल-६ अडवल्याचा परिणाम’ म्हणून त्याचे निकाल मांडता येत नाहीत. आयएल-८ वर काम करणाऱ्यांनी रेपॅरिक्सिनचा इतिहास जरूर वाचावा. आयएल-८ चे दोन्ही रिसेप्टर अडवणारं हे औषध प्रयोगशाळेत आशादायक होतं. पसरलेल्या ट्रिपल निगेटिव्ह (इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि एचईआर-२ हे तिन्ही रिसेप्टर नसलेल्या) कर्करोगात पॅक्लिटॅक्सेलबरोबर त्याची दुसऱ्या टप्प्याची चाचणी झाली, तेव्हा आजार वाढेपर्यंतचा काळ काही लांबला नाही.

२. कागदपत्रं

पेशींच्या कामाला परवानगी कशाला, असं वाटून लोक हे शेवटावर ढकलतात आणि उंदरांच्या टप्प्यावर अडकतात. पहिल्याच आठवड्यात एवढं बघा:

- सेल लाइनसाठी (प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशींसाठी) संस्थेच्या लेटरहेडवर, मार्गदर्शकांच्या सहीचं मागणीपत्र. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात, गणेशखिंडीत, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र म्हणजे एनसीसीएस आहे. तिथलं पेशी-भांडार देशभरच्या संशोधकांना सेल लाइन पुरवतं. अर्जाचा चालू नमुना आणि शुल्क त्यांच्याकडूनच घ्या, सीनियरच्या जुन्या फाइलमधला नमुना वापरू नका.
- ल्युसिफरेज किंवा जीएफपी घातलेल्या पेशी वापरणार असाल, तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी.
- रुग्णांच्या गाठीचा तुकडा किंवा रक्त लागणार असेल, तर रुग्णालयाच्या नीतिशास्त्र समितीची मंजुरी आणि रुग्णाला समजेल अशा भाषेतलं संमतीपत्र. पुण्यात म्हणजे मराठीतलं. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं हा त्याचा आधार.
- उंदरांसाठी संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीपुढे ‘फॉर्म बी’. समिती वर्षातून मोजक्याच वेळा बसते, तेव्हा पुढच्या बैठकीची तारीख आजच विचारून ठेवा.
- जैववैद्यकीय कचऱ्यासाठी संस्थेचा करार आणि नोंदवही. २०१६ च्या नियमांनुसार दूषित प्लॅस्टिक लाल पिशवीत, सुया-ब्लेड पांढऱ्या, टोचून फाटणार नाही अशा डब्यात, काच निळ्यात. कल्चरचा कचरा आधी निर्जंतुक करून पिवळ्या पिशवीत.

३. सामान

हूड, कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर, उलटा मायक्रोस्कोप, ब्लॉटिंगचा संच आणि प्लेट रीडर बहुतेक प्रयोगशाळांत असतात. वेगळं मागवायचं ते असं:

- मानवी आयएल-६, रिकॉम्बिनंट, एंडोटॉक्सिन (जीवाणूंचं विष) कमी असल्याचं प्रमाणपत्र असलेलं
- टोसिलिझुमॅब, आणि कंट्रोल म्हणून मानवी आयजीजी-१
- रुक्सोलिटिनिब
- आयएल-६ किती आहे ते मोजायचं सँडविच एलायझा किट
- फॉस्फो-स्टॅट-३ (टायरोसिन ७०५) आणि एकूण स्टॅट-३ अशा दोन्ही अँटीबॉडी
- प्रोटिएज आणि फॉस्फेटेज रोधक
- मायकोप्लाझ्मा (कल्चरला लागणारे अतिसूक्ष्म जीवाणू) शोधायचं पीसीआर किट
- ८ मायक्रॉन छिद्रांचे ट्रान्सवेल इन्सर्ट (पेशी आरपार जातात का ते बघायच्या चाळणीच्या वाट्या), ग्रोथ फॅक्टर कमी केलेलं मॅट्रिजेल (पेशींभोवतालच्या जाळीसारखा प्रथिनांचा जेल)

या यादीतला सगळ्यात मोठा सापळा सोडियम अझाइडचा. बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून पुष्कळ अँटीबॉडींत ते घातलेलं असतं आणि ते पेशींना मारतं. औषधात अझाइड नाही पण कंट्रोलच्या आयजीजीत आहे, असं झालं की कंट्रोलच्या पेशी मरतात आणि औषध ‘संरक्षक’ दिसायला लागतं. दोन्ही अझाइडविरहितच मागवा.

टोसिलिझुमॅबची शिरेतून द्यायची व्हायल मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची असते. ती २ ते ८ अंशांवर ठेवायची, गोठवायची नाही. रुग्णालयात उरलेली, केव्हा उघडली याची नोंद नसलेली व्हायल कोणी प्रेमाने दिली तरी घेऊ नका. संशोधनासाठी वेगळी बनवलेली टोसिलिझुमॅबची प्रत मिळते आणि आमच्या मते नवख्याने तीच घ्यावी. कागदपत्रं सोपी, आणि लॉट नंबर हातात राहतो.

ड्राय आइसवर येणारं पार्सल गणपतीच्या दहा दिवसांत मागवू नका. विसर्जनाच्या दिवशी मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात आणि डबा कुठेतरी वितळत बसतो. शुक्रवारी निघणारं पार्सलही नको.

४. पेशी आणा आणि त्यांची ओळख पटवा

सुरुवातीला दोन सेल लाइन पुरतात. एमसीएफ-७ ही इस्ट्रोजेन रिसेप्टर असलेली लाइन. ती स्वतः आयएल-६ फारसं बनवत नाही, पण बाहेरून दिलं की स्टॅट-३ जागा करते. एमडीए-एमबी-२३१ ही ट्रिपल निगेटिव्ह. ती आयएल-६ आणि आयएल-८ भरपूर सोडते. म्हणजे पहिली रोध मोजायला सोयीची, दुसरी परिणाम बघायला.

एमडीए-एमबी-२३१ साठी पुस्तकात एल-१५ मीडिया लिहिलेला असतो. तो कार्बन डायऑक्साइडशिवाय, साध्या हवेत वापरायचा असतो. ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवलात तर पिवळा पडतो आणि पेशी मरगळतात. इन्क्युबेटर एकच असेल तर डीएमईएम मीडिया आणि १० टक्के एफबीएस (गाईच्या गर्भाचं सीरम) घ्या, पण बदल एका दमात करू नका. दोन-तीन पासेजमध्ये (पेशी नव्या फ्लास्कमध्ये विभागण्याच्या खेपांत) जुन्या-नव्या मीडियाचं प्रमाण बदलत न्या.

एमसीएफ-७ च्या मीडियात मिलिलिटरला ०.०१ मिलिग्रॅम इन्सुलिन घालतात. शिवाय फिनॉल रेड हा रंग इस्ट्रोजेनसारखा थोडा परिणाम करतो. हार्मोनशी संबंधित काही मोजायचं असेल, तर बिनरंगाचा मीडिया आणि कोळशाने गाळलेलं सीरम लागेल.

एसटीआर तपासणी (डीएनएवरून सेल लाइनची ओळख पटवणारी) करून घ्या. एमडीए-एमबी-४३५ ही लाइन वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली आणि ती निघाली मेलेनोमाची. एमसीएफ-७ ची अॅड्रियामायसिनला दाद न देणारी म्हणून फिरणारी एक लाइन अंडाशयाच्या कर्करोगाची निघाली. शेजारच्या प्रयोगशाळेतून आलेल्या फ्लास्कवर काय लिहिलंय याला पुरावा म्हणत नाहीत.

मायकोप्लाझ्मा इथे नेहमीपेक्षा जास्त घातक आहे. ती पेशींना मारत नाही, मीडिया गढूळ करत नाही, पण पेशींकडून सायटोकाइन सोडवून घेते. म्हणजे तुम्ही जे मोजताय नेमकं तेच बिघडवते. पेशी आल्या की पीसीआर, नंतर दर महिन्याला पीसीआर. तपासणीआधी पेशी दोन-तीन दिवस अँटिबायोटिकशिवाय वाढवा, नाहीतर संसर्ग दबलेला राहून निकाल खोटा निगेटिव्ह येतो.

जून ते सप्टेंबर पुण्यात बुरशीचा हंगाम. इन्क्युबेटरच्या ट्रेमधलं निर्जंतुक पाणी दर आठवड्याला बदला, पुठ्ठ्याचे खोके कल्चर रूममध्ये नेऊ नका. आणि दुरुस्तीसाठी पाणी किंवा वीज जाते ती बहुधा गुरुवारी. ऑटोक्लेव्ह आणि शुद्ध पाण्याचं मशीन दोन्ही नळावर अवलंबून, तेव्हा बफर बुधवारीच करून ठेवा. इन्क्युबेटर यूपीएसवर आहे असं सगळे सांगतात. बॅटरी शेवटची केव्हा बदलली ते विचारा.

५. सायटोकाइन आहे का ते मोजा

६ वेलच्या प्लेटमध्ये प्रत्येकी ३ लाख पेशी. दुसऱ्या दिवशी धुऊन १ टक्का सीरमचा २ मिलि मीडिया. २४ तासांनी वरचा मीडिया काढा, ४ अंशांवर ३०० जीला ५ मिनिटं फिरवून पेशींचा कचरा खाली बसवा, छोटे भाग करून उणे ८० वर. एक भाग एकदाच वितळवायचा. खाली उरलेल्या पेशी मोजा, कारण निकाल ‘दर दहा लाख पेशींमागे इतके पिकोग्रॅम’ असा लिहायचा असतो.

एमडीए-एमबी-२३१ चा नमुना सरळ टाकला तर बहुधा स्टँडर्डच्या वरच्या टोकाबाहेर जातो. ५ पट, २० पट, ५० पट पातळ करून तिन्ही टाका. गुणाकार करून तिन्हींची उत्तरं जवळपास जुळली पाहिजेत. जुळली नाहीत तर मीडियातलं काहीतरी मोजणीत आडवं येतंय. पेशी न लागलेला मीडिया हाही एक नमुना म्हणून ठेवा.

एलायझाच्या बाबतीत दोन गोष्टी नवख्यांना हमखास गोंधळात टाकतात. टोसिलिझुमॅब दिल्यावर मीडियातलं आयएल-६ कमी होत नाही, उलट वाढू शकतं, कारण रिसेप्टरमार्गे ते पेशीत ओढलं जाणं थांबतं. हे औषध घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तातही हेच दिसतं. औषध फसल्याची ही खूण नाही. सिल्टुक्सिमॅबचं उलट आहे. ते आयएल-६ ला चिकटून बसतं आणि किटची अँटीबॉडी त्याच जागेवर बसणारी असेल तर आकडा खोटा खाली येतो. थोडक्यात, रोधाचा पुरावा म्हणून एलायझा चालत नाही.

टीजीएफ-बीटावर काम असेल तर आणखी एक. गाईच्या आणि माणसाच्या टीजीएफ-बीटा-१ चा सक्रिय भाग सारखाच असतो, म्हणून एफबीएसमधलंही किटमध्ये दिसतं. तिथे सीरमविरहित मीडियाच लागतो.

६. रोध होतोय हे सिद्ध करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वेस्टर्न ब्लॉटवर मोजायचा आहे फॉस्फो-स्टॅट-३, म्हणजे फॉस्फेट बसलेला स्टॅट-३.

पहिला दिवस: एमसीएफ-७, ६ वेलच्या दोन प्लेट, वेलला ४ लाख पेशी.

दुसरा दिवस, संध्याकाळी: धुऊन ०.५ टक्के सीरमच्या मीडियात रात्रभर. सीरममधल्या घटकांनी स्टॅट-३ आधीच जागा असेल तर आयएल-६ ने पडणारा फरक दिसत नाही.

तिसरा दिवस, सकाळी, बारा वेल अशा:

- काहीच नाही
- फक्त आयएल-६, मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम
- आयएल-६ आणि कंट्रोल आयजीजी-१, १० मायक्रोग्रॅम (हा आणि पुढचे मायक्रोग्रॅमचे आकडे मिलिलिटरमागचे)
- आयएल-६ आणि टोसिलिझुमॅब ०.१, १, १० आणि ५० मायक्रोग्रॅम, अशा चार वेल
- आयएल-६ आणि रुक्सोलिटिनिब, १ मायक्रोमोलर
- आयएल-६ आणि डीएमएसओ, रुक्सोलिटिनिबबरोबर जाईल तेवढंच, ०.१ टक्क्याच्या आत
- फक्त टोसिलिझुमॅब, १० मायक्रोग्रॅम
- आयएल-६ आणि औषधाचा नुसता बफर. व्हायलमध्ये पॉलिसॉर्बेट-८० आणि साखर असते, त्यांचा हिशेब यात लागतो.
- एक वेल पेशी मोजायला

क्रम महत्त्वाचा. टोसिलिझुमॅब रिसेप्टरवर बसतं, म्हणून ते आधी पेशींवर घाला, ३७ अंशांवर १ तास ठेवा आणि मग आयएल-६ द्या. सिल्टुक्सिमॅब असेल तर ते आणि आयएल-६ वेगळ्या ट्यूबमध्ये अर्धा-एक तास एकत्र ठेवून मिश्रण पेशींवर घाला. हा क्रम उलटा झाल्यामुळे चांगली अँटीबॉडी निकामी ठरवली जाते.

आयएल-६ घातल्यावर २० मिनिटं. तासभर ठेवू नका. फॉस्फो-स्टॅट-३ पहिल्या १५ ते ३० मिनिटांत शिखरावर असतो, पुढे पेशी स्वतःच एसओसीएस-३ हे रोधक प्रथिन बनवून सिग्नल उतरवते आणि औषधाने उतरवला की पेशीने, हे सांगता येत नाही. बारा वेलना एकदम हात लागत नाही, म्हणून प्रत्येक वेलमध्ये अर्ध्या मिनिटाच्या अंतराने घाला आणि त्याच अंतराने थांबवा.

प्लेट बर्फावर. थंड पीबीएसने दोनदा धुवा, त्यात १ मिलिमोलर सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट असू द्या. रोधक घातलेला आरआयपीए बफर १२० मायक्रोलिटर, खरवडा, १५ मिनिटं बर्फावर, १२,००० जीला १५ मिनिटं. बीसीएने प्रथिनं मोजा, लेनला २५ मायक्रोग्रॅम, ८ टक्के जेल, पीव्हीडीएफ पडदा.

ब्लॉक करायला दूध वापरू नका. दुधातल्या केसिनवर स्वतःचेच फॉस्फेट असतात आणि फॉस्फो-अँटीबॉडीला पार्श्वभूमी चढते. ५ टक्के बीएसए घ्या, आणि धुवायला पीबीएस नाही, टीबीएसटी. पहिली अँटीबॉडी रात्रभर ४ अंशांवर. पट्टे ७९ आणि ८६ किलोडाल्टनच्या आसपास दोन दिसतील. स्टॅट-३ ची ती दोन रूपं आहेत, घाबरू नका. नंतर त्याच पडद्यावर किंवा त्याच नमुन्याच्या जोडजेलवर एकूण स्टॅट-३.

५० किलोडाल्टनला एक आगंतुक पट्टा येऊ शकतो. ती तुमच्या औषधाचीच जड साखळी, कारण औषध म्हणजे मानवी आयजीजी आणि दुसऱ्या टप्प्यातली अँटीबॉडी त्याला थोडी चिकटते. म्हणून लोडिंग कंट्रोल म्हणून ट्युब्युलिन नको, तोही तिथेच येतो. मानवी आयजीजीविरुद्ध शोषून घेतलेली दुसरी अँटीबॉडी मागवलीत तर कटकट मिटते.

आता वाचन. आयएल-६ ने पट्टा चढला, आयजीजीने तसाच राहिला, टोसिलिझुमॅबने डोसप्रमाणे उतरत गेला आणि रुक्सोलिटिनिबने जवळपास नाहीसा झाला, तर पुढे जा. ज्या सगळ्यात कमी डोसला पट्टा तळाला जातो तो तुमचा काम करणारा डोस, पुढच्या सगळ्या प्रयोगांत तोच. १० मायक्रोग्रॅम म्हणजे साधारण ६८ नॅनोमोलर, आणि २० नॅनोग्रॅम आयएल-६ म्हणजे सुमारे १ नॅनोमोलर, तेव्हा अँटीबॉडी भरपूर जास्त आहे. ५० ला थोडा अधिक परिणाम दिसला म्हणून ५० वापरायचा मोह टाळा.

आयएल-६ ने पट्टा चढलाच नाही तर आधी आयएल-६ वर संशय घ्या. अत्यंत पातळ द्रावणात ते प्लॅस्टिकला चिकटून संपतं. ०.१ टक्का बीएसए घालूनच पातळ करा, छोटे भाग करून गोठवा. आणि रुक्सोलिटिनिबनेही पट्टा उतरला नाही तर दोष टोसिलिझुमॅबमध्ये नाही, ब्लॉटमध्ये आहे.

एमडीए-एमबी-२३१ वर हाच प्रयोग नंतर करा. तिथे आयएल-६ न घालताही पट्टा असतो आणि टोसिलिझुमॅबने तो एमसीएफ-७ इतका सुबक उतरेलच असं नाही. आधी फ्लो सायटोमेट्रीने पेशीवरचा रिसेप्टर बघा. पेशी ट्रिप्सिनने सोडवू नका, ते पृष्ठभागावरची प्रथिनं कापतं. २ ते ५ मिलिमोलर ईडीटीए वापरा. रिसेप्टर कमी दिसला तर आयएल-६ बरोबर विरघळलेला रिसेप्टरही द्या, नाहीतर अडवण्यासारखं तिथे थोडंच असतं.

७. मग परिणाम

एमटीटी करा, पण त्यावर विसंबू नका. सपाट प्लॅस्टिकवर १० टक्के सीरममध्ये वाढणाऱ्या पेशीला आयएल-६ ची फारशी गरज नसते. करायचीच तर वेलला ३,००० पेशी, २ टक्के सीरम, ७२ ते ९६ तास, कडेच्या वेलमध्ये नुसतं पीबीएस, कारण एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कडेचा मीडिया उडतो.

हालचाल बघणं जास्त फलदायी. ट्रान्सवेलमध्ये वर ५०,००० एमडीए-एमबी-२३१, २०० मायक्रोलिटर सीरमविरहित मीडियात. खाली ६०० मायक्रोलिटर. खाली १० टक्के सीरम ठेवण्याची पद्धत आहे, पण सीरमची ओढ इतकी जबर असते की आयएल-६ चा वाटा बुडून जातो. खाली आयएल-६ किंवा पुढच्या पायरीतला मॅक्रोफेजचा मीडिया ठेवा. अँटीबॉडी वर आणि खाली, दोन्हीकडे हवी. १६ ते २४ तासांनी वरच्या पेशी कापसाच्या बोळ्याने पुसा, खालच्या क्रिस्टल व्हायोलेटने रंगवा.

आक्रमण मोजायचं तर इन्सर्टवर मॅट्रिजेल. ते रात्रभर फ्रिजमध्ये बर्फावर वितळवायचं, टिपसुद्धा थंड. १० अंशांच्या वर ते गोठायला लागतं आणि पुण्याच्या मेमध्ये एसी बंद असेल तर टिपमध्येच गोठतं.

स्फेरॉइडसाठी (पेशींच्या त्रिमितीय गोळ्यासाठी) १.५ टक्के अॅगरोजचा थर दिलेली ९६ वेलची प्लेट स्वस्त पडते. वेलला २,००० पेशी. एमसीएफ-७ चा घट्ट गोळा होतो, एमडीए-एमबी-२३१ चा सैल पुंजका. तिला २.५ टक्के मॅट्रिजेल दिलं की नीट जमतं. मोठी अँटीबॉडी गोळ्याच्या आत सावकाश शिरते, म्हणून ७२ तासांच्या आत निकाल लावू नका.

८. मॅक्रोफेज शेजारी आणा

गाठीत सायटोकाइनचा मोठा पुरवठा कर्करोगाच्या पेशींच्या शेजाऱ्यांकडून होतो. टीएचपी-१ या मोनोसाइटसारख्या मानवी पेशींना पीएमए हे रसायन १०० नॅनोमोलर ४८ तास द्या, त्या चिकटून मॅक्रोफेजसारख्या होतात. मग पीएमए धुऊन २४ ते ४८ तास विश्रांती. ही विश्रांती गाळली तर उरलेलं पीएमएच सायटोकाइन सोडवतं आणि श्रेय मॅक्रोफेजला जातं.

मॅक्रोफेजवर आयजीजी पकडणारे एफसी रिसेप्टर असतात. तिथे औषध अँटीबॉडी म्हणून जो परिणाम करतं तो सायटोकाइन अडवण्याशी संबंधित नसतो. आयजीजी-१ चा कंट्रोल नसलेला सहकल्चर-प्रयोग आम्ही वाचतही नाही. एंडोटॉक्सिनची काळजीही इथेच सर्वाधिक, मॅक्रोफेज अगदी कणभर असलं तरी खवळतात.

९. केमोथेरपीची जोड

पॅक्लिटॅक्सेलने पेशी आयएल-६ जास्त सोडू लागतात, त्यामुळे जोडी तपासण्याला अर्थ आहे. आधी पॅक्लिटॅक्सेलचा एकट्याचा आलेख काढा आणि २० ते ३० टक्के पेशी मारणारा डोस निवडा. ९० टक्के मारणारा घेतलात तर दुसऱ्या औषधाला दाखवायला जागाच उरत नाही. दोन्ही मिळून जास्त परिणाम झाला म्हणजे लगेच ‘सिनर्जी’ नव्हे. प्रत्येकाच्या स्वतंत्र परिणामावरून अपेक्षित एकत्रित परिणाम काढायची ब्लिसची पद्धत आहे. निकाल त्याच्या वर गेला तरच हा शब्द वापरा.

१०. उंदीर

इथे प्रजातींचा घोळ सगळ्यात महागात पडतो. टोसिलिझुमॅब उंदराच्या रिसेप्टरला चिकटत नाही. मानवी आयएल-६ उंदराच्या पेशींवर चालतं, उंदराचं मात्र मानवी पेशींवर चालत नाही. म्हणजे प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात मानवी गाठ लावून टोसिलिझुमॅब दिलंत, तर फक्त मानवी पेशींवरचा रिसेप्टर अडतो. भोवतालचे मॅक्रोफेज आणि रक्तवाहिन्या उंदराच्या, त्या मोकळ्याच. आयएल-८ चं याहून विचित्र, उंदराला ते जनुकच नाही.

गाठ आणि प्रतिकारशक्ती दोन्ही हवी असेल तर बाल्ब-सी उंदीर आणि उंदराच्याच स्तनाच्या कर्करोगाच्या ४टी१ पेशी, आणि उंदराच्याच रिसेप्टरविरुद्धची एमआर१६-१ अँटीबॉडी. ४टी१ चौथ्या स्तनग्रंथीच्या चरबीत ५० मायक्रोलिटरमध्ये १ लाख किंवा कमी. ती आपोआप फुफ्फुसात पसरते. ६-थायोग्वानिनला दाद देत नसल्यामुळे फुफ्फुस बारीक करून त्या औषधात वाढवलं की पसरलेल्या पेशींच्या वसाहती मोजता येतात. गाठीवर व्रण लवकर पडतो, तेव्हा प्रयोग कधी थांबवायचा हे फॉर्म बीमध्ये आधीच ठरवा. ही गाठ रक्तातल्या न्यूट्रोफिल प्रचंड वाढवते आणि प्लीहा सुजवते. हा बदल औषधाच्या खात्यावर टाकू नका. एमआर१६-१ उंदराला परकी असल्याने काही दिवसांनी तिच्याविरुद्धच अँटीबॉडी बनू शकतात, म्हणून शेवटी रक्तातली पातळी तपासा.

औषध थांबवल्यावरचा एक गट ठेवा. सीसीएल-२ अडवणारी अँटीबॉडी मध्येच बंद केल्यावर उंदरांत कर्करोग उलट जोमाने पसरल्याचं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. चालू उपचाराचेच आकडे बघणाऱ्याला हे कधी कळलं नसतं.

११. आकडे आणि नोंदी

एका प्लेटवरच्या सहा वेल म्हणजे सहा प्रयोग नव्हेत. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पासेजच्या पेशींवर, नव्याने पातळ केलेल्या औषधाने केलेला प्रयोग तो एक. असे किमान तीन. वेलची सरासरी काढून एका प्रयोगाचा एकच आकडा घ्या आणि चाचणी त्या आकड्यांवर लावा. प्रत्येक डोसची कंट्रोलशी तुलना करताना टी-टेस्ट पुन्हा पुन्हा लावू नका, एकमार्गी अनोव्हा आणि त्यानंतर डनेटची चाचणी लावा. ट्रान्सवेलचे फोटो मोजणाऱ्याला कुठली वेल कशाची हे माहीत नसावं, गटातल्या दुसऱ्या कोणाकडून नावं झाकून घ्या.

वहीत प्रत्येक प्रयोगापुढे पासेज क्रमांक, मायकोप्लाझ्मा-तपासणीची शेवटची तारीख, सीरमचा लॉट, अँटीबॉडीचा लॉट आणि व्हायल उघडल्याची तारीख. सीरमचा लॉट बदलला की सहाव्या पायरीतल्या ‘काहीच नाही’, ‘फक्त आयएल-६’ आणि ‘आयएल-६ व १० मायक्रोग्रॅम टोसिलिझुमॅब’ एवढ्या तीन वेल पुन्हा करा. नवा लॉट मागवण्याआधी पुरवठादाराकडून ५० मिलिचा नमुना मागा, बहुतेक देतात. पसंत पडला तर वर्षाचा साठा एकदम उचला.